घाटमाथ्यावर पाऊस, सत्तरीत पूर : २३ जुलै २०२१ चे प्रकरण

२३ जुलै २०२१, शुक्रवार. आषाढी होऊन तीन दिवस झाले होते, गुरुपौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. त्या सकाळी गोव्यातल्या सत्तरी, डिचोली आणि धारबांदोडा या डोंगरपायथ्याच्या तालुक्यांत म्हादई आणि तिच्या उपनद्या काठ सोडून वस्त्यांत शिरल्या. पेडणे-बार्देशातही नदीकाठच्या गावांत पाणी आले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितले. राज्यभरात हजाराच्या आसपास घरांचे नुकसान झाले. गुळेली पंचायतीतला पैकूळचा पूल रगाडा नदीने नेला. ब्रागांझा घाटात दूधसागर आणि सोनावळी स्थानकांच्या दरम्यान दरड कोसळून मंगळूर–मुंबई गाडी रुळावरून घसरली.

ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्यामागचे हवामान मात्र आपण ‘खूप पाऊस पडला’ या एका वाक्यात गुंडाळून ठेवले. पाऊस खूप पडला हे खरेच. पण कुठे पडला, किती वेळात पडला आणि त्याचे पाणी कुठल्या वाटेने कुठे गेले, हे पाहिल्याशिवाय त्या दिवसाचा उलगडा होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की सत्तरीतला पूर सत्तरीच्या आकाशात बघून कळत नाही. तो घाटमाथ्यावर, बऱ्याचदा कर्नाटकाच्या हद्दीत तयार होतो. आणि आपली इशारा देण्याची पद्धत अजून जिल्ह्याच्या हद्दीत अडकलेली आहे.

साठ किलोमीटरांत तीन हवामाने

गोवा हा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा चिमुकला प्रदेश. समुद्रापासून घाटाच्या कड्यापर्यंतचे अंतर पन्नास-साठ किलोमीटर. एवढ्याशा रुंदीत पावसाचा हिशेब किती बदलतो बघा. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. सत्तरीतल्या वाळपईला साडेतीन ते चार हजार. घाटाच्या कड्यावर तो आणखी चढतो; आपल्या उत्तरेला आंबोलीत तर सात हजारांच्या आसपास जातो. कडा ओलांडून बेळगावला पोचलात की तेराशेच्या घरात येतो, आणि धारवाडला आठशेच्या आसपास. चोर्ला घाटातून सकाळी निघालेला माणूस दोन तासांत ओल्या रानातून ज्वारीच्या शेतांत पोचतो, तो याच कारणाने.

याचे कारण शाळेच्या भूगोलात एका आकृतीत सांगून मोकळे होतात : वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो, पाऊस पडतो. आकृती चुकीची नाही, पण ती वाचून असे वाटते की डोंगर असला की पाऊस ठरलेला. तसे असते तर जुलैचा प्रत्येक दिवस २३ जुलै झाला असता. मोसमी वाऱ्याचा मुख्य जोर जमिनीलगत नसून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. तो झोत जोरात असेल, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा पसरलेला असेल आणि बंगालच्या उपसागरात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असेल, तर अरबी समुद्रावरची दमट हवा सलग, तासन्‌तास पश्चिमेकडून घाटावर येऊन आदळत राहते. ढग मुळातच खाली असतात. चोर्ल्याचा आठशे मीटरांचा माथा त्या ढगांच्या आतच असतो. बाष्पाने भरलेली हवा शंभर मीटर वर गेली की अर्ध्या अंशाच्या आसपास थंड होते आणि तेवढे बाष्प सोडून देते. मागून नवी हवा येतच असते. म्हणून घाटातला पाऊस वळवासारखा तासाभराने थकत नाही. ढग पुढे सरकल्यासारखे दिसतात, पण पाऊस त्याच डोंगरावर पडत राहतो.

सत्तरीत आणखी एक गोष्ट आहे. इथे सह्याद्रीची रांग सरळ उभी नाही. मोर्लेगड, वाघेरी, चोर्ला, सुर्ला असे डोंगर पश्चिमेकडे तोंड करून खोऱ्याभोवती उभे आहेत. आत शिरलेल्या वाऱ्याला वर चढण्यावाचून दुसरी वाट फारशी उरत नाही. केरीहून घाटाकडे पाहणाऱ्याला हे नकाशाशिवाय दिसते : डिचोलीच्या बाजूला ऊन पडलेले असते आणि वाघेरीचा माथा दिवसभर ढगात.

पाणी कुठल्या बाजूला उतरते

सर्वसाधारण समजूत अशी, की कड्याच्या पलीकडे पडलेला पाऊस पलीकडच्यांचा. मलप्रभेच्या बाबतीत ते खरे आहे. कणकुंबीला उगम पावून ती पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पडते. पण त्याच कणकुंबीच्या रानातून कळसा नाला पश्चिमेकडे वळतो आणि म्हादईला येऊन मिळतो. एकाच गावच्या दोन उतारांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो.

म्हादई स्वतः खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात, भीमगडच्या परिसरात उगम पावते. तिच्या खोऱ्याचे एकूण क्षेत्र २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. पाणीवाटपाच्या भांडणात हे आकडे इतक्या वेळा घोकले गेले आहेत, की आपल्याला ते फक्त भांडणाचेच वाटतात. पुराच्या दृष्टीने त्यांचा अर्थ वेगळा आहे. कर्नाटकातले ते ३७५ चौरस किलोमीटर नेमके सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात येतात. कड्यावर वर चढलेला ढग कड्याशी थांबत नाही. थेंब तयार होऊन खाली येईपर्यंत वारा त्याला काही किलोमीटर पुढे नेतो, म्हणून माथ्यामागचा पहिला पट्टा पर्जन्यछायेत येत नाही. तिथे कड्याइतकाच पाऊस कोसळतो. पावसाची खरी घसरण जांबोटीच्या पुढे, खानापूर-बेळगावकडे होते.

आता साधा हिशेब करू. ३७५ चौरस किलोमीटरांवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ कोटी ७५ लाख घनमीटर पाणी. सत्तरीतल्या अंजुणे धरणाचा पूर्ण साठा साडेचार कोटी घनमीटरांच्या आसपास आहे, त्यावरून या पाण्याचा अंदाज यावा. त्यातले निम्मेच सहा तासांत नदीला आले तरी सेकंदाला साडेआठशे घनमीटरांहून जास्त प्रवाह होतो. आणि १०० मिलिमीटर म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत केवळ ‘जोरदार’ पाऊस. ११५.६ पासून पुढे ‘अतिजोरदार’, आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. घाटमाथ्याला जुलैत यातले पहिले दोन प्रकार नवे नाहीत.

निम्मेच पाणी नदीला आले असे मी वर धरले. जूनमध्ये ते बरोबर ठरले असते, कारण उन्हाळ्याने तापलेली जांभ्या खडकाची जमीन आणि रानातला पाचोळा पहिले पाणी पिऊन टाकतात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दीड महिन्याच्या पावसानंतर, तसे होत नाही. सड्यावरून झरे आधीच वाहत असतात, भातखाचरे भरलेली असतात, मातीत जागा उरलेली नसते. जुनी माणसे पुष्य नक्षत्रातल्या ‘म्हाताऱ्या’ पावसाला घाबरत, ते यासाठीच असावे. २०२१ मध्ये सूर्य पुष्यात जाऊन तीन-चार दिवस झाले होते.

त्या चोवीस तासांत

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २२ जुलैच्या सकाळी साडेआठपासून २३ च्या सकाळी साडेआठपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाबळेश्वरसारख्या ठिकाणालाही हा आकडा विक्रमी होता. २२ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. म्हणजे गोव्यातला पूर हा एकटा-दुकटा प्रसंग नव्हता. शेकडो किलोमीटर लांबीच्या घाटाला एकाच वेळी बडवणाऱ्या एकाच वायुप्रवाहाचे ते दक्षिणेकडचे टोक होते.

रेल्वेच्या त्या अपघाताची गंमत, गंमत म्हणणे बरे नव्हे, पण गुंतागुंत इथे दिसते. मंगळूरहून मुंबईला निघालेली ती गाडी एरवी त्या मार्गाने जाणारच नव्हती. चिपळूणजवळ पाणी आल्याने कोकण रेल्वे बंद पडली, म्हणून तिला मडगाव–लोंढा–मिरज अशी वळवली. म्हणजे उत्तरेला ज्या पावसाने वाट बंद केली, त्याच पावसाने दक्षिणेला वळणाच्या वाटेवरही तिला गाठले. ब्रागांझा घाटात रूळ सव्वीस किलोमीटरांत कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंत चढतात, चढ ३७ ला १. दोन्ही बाजूंना भिजलेल्या मातीचे उभे काप. सुदैवाने प्रवासी बचावले.

सत्तरीत या पावसाचे पाणी कसे उतरले? माथ्यापासून सोनाळ-कडतरीपर्यंतचे सरळ अंतर वीस किलोमीटरांच्या आसपास, पण उतार शेकडो मीटरांचा. गोदावरी-कृष्णेचा पूर वरच्या जिल्ह्यातून खालच्या जिल्ह्यात यायला दिवस घेतो, मध्ये फोन होतात. इथे हिशेब तासांचा. रात्री माथ्यावर पडलेले पाणी उजाडता उजाडता कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत येते.

आणि यात साडेआठच्या त्या नोंदीचा मोठा दोष दिसतो. दोष खात्याचा नाही, जगभर अशी ठरावीक वेळ पाळतात, त्याशिवाय तुलना होत नाही. पण रात्रीच्या पावसाचा आकडा सकाळी साडेआठनंतर जाहीर होतो, तोवर नदी दारात उभी असते. दिवसाची बेरीज हवामानाच्या इतिहासासाठी लागते. पुरासाठी तासाची नोंद लागते. दिवसभरात मिळून २०० मिलिमीटर आणि चार तासांत २०० मिलिमीटर या दोन नोंदी वहीत सारख्या दिसतात, नदीत नाही.

कुळागरातली मोजपट्टी

कडतरीच्या बाजूला नदीकाठी कुळागर असलेले एक काका आहेत. सुपारी, थोडी केळी, मिरवेली आणि नदीच्या अंगाला एक पडवी असलेले मातीचे जुने घर. पुरानंतर काही महिन्यांनी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माडीच्या, म्हणजे सुपारीच्या, खोडांवर गाळाची रेघ अजून होती, छातीच्या वर, सगळ्या झाडांवर एका पातळीत. घराच्या भिंतीवर ती तशी नव्हती, कारण ती भिंतच उरली नव्हती.

‘मास्तर, आमचा पाऊस आणि वरचा पाऊस पाण्यावरून कळतो,’ ते म्हणाले. गावचा पाऊस असला तर आधी व्हाळ, म्हणजे ओढे, चढतात, मग नदी. वरचा असला तर व्हाळ जागच्या जागी आणि नदी वर येते, मग तीच व्हाळाच्या तोंडातून उलटी आत शिरते. पाण्याबरोबर येणाऱ्या जिनसाही वेगळ्या. गावच्या पाण्यात शेताची माती आणि नारळाच्या झावळ्या. वरच्या पाण्यात कोंडे, म्हणजे बांबूची बेटे, मुळांसकट, आणि रानातला काळा पाचोळा. त्या पहाटे त्यांनी कंदील घेऊन काठावर जाऊन पाहिले तर पाण्यात बांबू येत होते आणि बाजूचा व्हाळ अजून काठाच्या आत होता. तेवढ्यावरून त्यांनी गुरे सोडली आणि घरातल्या बायकामुलांना वरच्या वाड्यावर पाठवले. मोबाइलवर इशारा आला होता का, असे मी विचारले. ‘आला असेल. दर दोन दिवसांनी येतो. सगळ्या गोव्याला येतो.’

या दोन वाक्यांत प्रकरणाचा गाभा आला. इशारा चुकीचा होता असे ते म्हणत नव्हते. तो आपल्यासाठी आहे हे त्यातून कळत नव्हते.

भिंतीचेही सांगायला हवे. हजार घरांचा आकडा ऐकून बाहेरच्या माणसाला वाटते, पाण्याच्या लोंढ्याने घरे वाहून गेली. बऱ्याच ठिकाणी तसे झाले नाही. सत्तरी-डिचोलीतली जुनी घरे मातीच्या भिंतींची. वर नळे, बाहेर लांब पावळ्या. वरून कोसळणारा पाऊस ही घरे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत, कारण पावळी भिंतीला भिजू देत नाही. पण पाणी पायाशी चार-सहा तास उभे राहिले की भिंत खालून मऊ होते आणि पाणी उतरल्यावर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर, आतल्या आत बसते. म्हणून पंचनाम्यात पुराच्या दिवशी धड असलेली घरे नंतर पडलेली दिसतात. भरपाईच्या कागदात या ‘नंतर’चे काय करायचे हे कुणालाच नीट माहीत नसते, आणि त्यावरून होणारी वादावादी मी ऐकलेली आहे.

खालून येणारी भरती

खाली उतरल्यावर म्हादईलाच मांडवी म्हणतात. गांजे गावापर्यंत मांडवीत भरती-ओहोटी जाणवते. त्याच्या खाली नदीचा उतार जवळपास संपतो. उसगाव, खांडेपार, आमोणे हा भाग नावाला नदीचा, वागणुकीने खाडीचा. उधाणाच्या दिवसांत मांडवीच्या मुखाशी पाण्याची चढउतार सव्वादोन मीटरांच्या आसपास असते. २४ जुलैच्या सकाळी पौर्णिमा संपत होती, म्हणजे २३ चा दिवस उधाणाचाच. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आगेमागे येते. वरून आलेला लोंढा सकाळी खालच्या पट्ट्यात पोचला, तेव्हा समोरून भरती चढत होती.

भरतीने पूर आणला असे म्हणता येणार नाही. सोनाळ, कडतरी, पैकूळ ही गावे भरतीच्या टप्प्याच्या वर आहेत, तिथे समुद्राचा संबंध नाही. पण खालच्या भागात पाणी किती वेळ साचून राहणार, हे भरती ठरवते. आणि मातीच्या भिंतींच्या बाबतीत उंचीइतकाच वेळही महत्त्वाचा, हे वर आलेच. पुराचा अंदाज सांगताना घाटातल्या पावसाशेजारी भरतीचे वेळापत्रक ठेवणे अवघड नाही. भरतीची वेळ वर्षभर आधी ठाऊक असते. या सगळ्या प्रकरणात खात्रीने आधी सांगता येणारी हीच एक गोष्ट.

साखळीने आपल्यापुरता उपाय केलेला आहे. वाळवंटीच्या काठी भिंत आहे, आणि भिंतीच्या आत अडकलेले गावचे पाणी नदीत फेकायला पंप आहेत. बाजारपेठेला त्याचा उपयोग होतो. पण वाळपईच्या वरच्या विखुरलेल्या वाड्यांना भिंत बांधणे शक्य नाही, आणि बांधू नये असे माझे मत आहे. तिथे लोकांनी पूरमैदानातच पुरण शेती केली, नदी जो गाळ टाकते त्यावर पीक घेतले. पाण्याची वाट अडवली तर ते पुढच्या वाडीवर जाते.

रंग एक, तालुके अनेक

हवामान खात्याच्या इशाऱ्याचे चार रंग आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. रंग दिला जातो जिल्ह्याला. २०२१ मध्ये गोव्यात जिल्हे दोनच होते. उत्तर गोवा जिल्ह्यात कांदोळीचा किनाराही येतो आणि चोर्ल्याचा कडाही. नारिंगी रंग दोघांना एकच. कांदोळीत त्याचा अर्थ रस्त्यावर पाणी, झाड पडणे, बोटी बंद. कडतरीत त्याचा अर्थ रात्री जागे राहा. किनाऱ्यावर लोकवस्ती जास्त, वर्तमानपत्रे तिथली, त्यामुळे ‘इशारा दिला आणि काही झालेच नाही’ ही तक्रारही तिथूनच येते. अशा चार तक्रारींनंतर घाटाखालचा माणूसही इशारा वाचायचे सोडतो.

पणजीला आल्तिनोवर खात्याचे कार्यालय आणि डॉप्लर रडार आहे. रडार मोठे कामाचे, पण डोंगराशी त्याचे जमत नाही. त्याचा किरण जरा वर धरून सोडावा लागतो, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे तो दूर जाता जाता आणखी उंच होतो. घाटात पाऊस देणारे ढग मात्र खाली, डोंगराला चिकटून असतात. किरण खाली धरावा तर डोंगर त्याला अडवतो आणि मागचा भाग झाकला जातो. अडचण उपकरणाची नाही, जागेची आहे. आणि नेमका झाकला जाण्याचा धोका माथ्यामागच्या त्या पट्ट्याला, जिथून म्हादई येते.

म्हणून माथ्यावर पर्जन्यमापक हवेत, तासातासाला आपोआप नोंद पाठवणारे. सुर्ला-चोर्ल्याला आपल्या हद्दीत लावता येतील. कणकुंबी, देगाव, कृष्णापूर हा भाग कर्नाटकाचा. पाणीवाटपाच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ अब्ज घनफूट पाणी मंजूर झाले, आणि त्यावरची न्यायालयीन लढाई पुढे चालू राहिली. त्या भांडणात प्रत्येक थेंबाचा हिशेब उन्हाळ्याच्या टंचाईच्या नजरेने मांडला जातो. पावसाळ्यातल्या एका रात्रीच्या नोंदी तासातासाला एकमेकांना द्याव्यात, यात कुणाचे पाणी कमी होत नाही. तरी तो विषय भांडणाच्या सावलीत राहतो, याचे मला खरोखर नवल वाटते.

काहीच हालचाल नाही असेही नाही. हवामान खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन यंत्रणा सुरू केली. ती जिल्ह्याऐवजी पाणलोटाचा विचार करते : या खोऱ्याची जमीन किती भिजलेली आहे, आणखी किती पाऊस पडला तर ओढे काठ सोडतील, असा सहा ते चोवीस तासांचा अंदाज. विचार अगदी बरोबर आहे, सत्तरीला हवा तोच. पण तो खोऱ्याचा अंदाज काकांच्या मोबाइलवर येईपर्यंत पुन्हा जिल्ह्याचा रंग होऊन येतो.

तोच उतार, मार्चमध्ये

घाट आणि खालची सपाटी यांचे नाते फक्त पावसाचे नाही, म्हणून एवढे सांगतो. ५ मार्च २०२३ पासून म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या रानांत वणवे लागले. विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. आग लावली कुणी हा वेगळा विषय. तिला पसरवणाऱ्या हवेत मात्र या घाटाचाच हात होता. त्या दिवसांत पूर्वेकडून, दख्खनच्या पठारावरून कोरडा वारा येत होता. तो कड्यावरून खाली उतरताना दाबला जातो, तापतो आणि आणखी कोरडा होतो. पूर्वेचा हा वारा जोरात असला की दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा उशिरा येतो, आणि पणजीचा पाराही चढतो. जुलैत ज्या उतारावर हवा चढते आणि पाऊस देते, त्याच उतारावरून मार्चमध्ये हवा उतरते आणि रान सुकवते. हिवाळ्यात रात्री हीच थंड हवा हळूहळू खोऱ्यात साचते, म्हणून जानेवारीत वाळपईची पहाट पणजीपेक्षा गार असते आणि नदीवर धुके बसते. काजूचा मोहोर त्या धुक्याने काळवंडला की वर्षाचे गणित चुकते.

इशारा कसा असावा

पैकूळचा पूल गेल्यावर पलीकडच्या माणसांना वळसा घालून यावे लागले, दूध, शाळा, दवाखाना सगळ्याला. पूल पुन्हा बांधताना त्याची उंची कुठल्या पुरावरून ठरवायची, हा प्रश्न अभियंत्यांना पडतोच. गावच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी धरल्या तर एक उत्तर येते आणि माथ्यावरचा पाऊस धरला तर दुसरे. माडीच्या खोडांवरची गाळाची रेघ हे तिसरे उत्तर, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचे. प्रत्येक मोठ्या पुरानंतर पंचायतीने अशा रेघा दगडावर, देवळाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर तारीख घालून कोरून ठेवाव्यात. खर्च छिन्नी-हातोड्याचा.

आणि सत्तरीच्या माणसाला जुलैच्या रात्री मिळणारा संदेश असा असावा, असे मला वाटते : ‘कणकुंबी-सुर्ला पट्ट्यात गेल्या तीन तासांत इतके मिलिमीटर पाऊस झाला. जमीन भिजलेली आहे. म्हादईचे पाणी अमुक तासांत सोनाळच्या पुढे चढेल. खालच्या भागात भरती इतक्या वाजता.’ मराठीत आणि कोकणीत, चार वाक्ये, तालुक्यापुरती. त्यात रंग नसला तरी चालेल.